रीडिंग कुक न करता: बल, घर्षण आणि गुरुत्व घरी मोजायची रीत

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये गुरुत्व त्वरणाचं (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो त्याचं) उत्तर बरोबर ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग आलेलं दिसलं की माझा हात आधी रीडिंगच्या तक्त्याकडे जातो. नागपुरातल्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मी लॅब असिस्टंट होते. शिकवायचं काम सरांचं. माझं काम कपाटातून लंबक, स्प्रिंग, व्हर्निअर काढून देणं, संपल्यावर मोजून आत ठेवणं आणि मधल्या वेळात टेबलांमधून फिरणं. त्या फिरण्यात एक गोष्ट पक्की कळली: पोट्टे प्रयोग उलटा करतात. आधी उत्तर लिहितात, त्यातून दोलनकाल (लंबकाला एकदा जाऊन परत यायला लागणारी वेळ) काढतात, मग त्याला वीसनं गुणून स्टॉपवॉचचं रीडिंग म्हणून तक्त्यात भरतात. याला रीडिंग कुक करणं म्हणतात. परीक्षकांना ते लगेच कळतं, कारण खरं रीडिंग इतकं सरळ कधीच येत नाही.

आता रिटायर झाले. सुट्टीत बिल्डिंगमधली नववी ते बारावीची मुलं घरी येतात आणि आम्ही हेच प्रयोग घरच्या सामानावर करतो. माझी अट एकच आहे. जो आकडा आला तो लिहायचा आणि त्याच्यापुढे तो किती मागेपुढे असू शकतो तेही लिहायचं. दुसरा आकडा नसेल तर पहिला मी वाचत नाही.

सामान फारसं लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याचा ओळंबा घ्या, छोटाच, पण भरीव. शिलाईचा जाड दोरा घ्या. सुतळी नको, ती पीळ सोडते आणि ओळंबा स्वतःभोवती फिरत बसतो. नायलॉनची दोरीही नको, वजन लागलं की ती ताणते. कापड मोजायची टेपही टाळा, जुनी झाली की तीसुद्धा ताणलेली असते. सुताराकडे असते तशी पत्र्याची घ्या. शिवाय तीस सेंटिमीटरची फुटपट्टी, मीटरभर लांब प्लायची फळी, झाकणाचा चौकोनी स्टीलचा डबा, रद्दीवाल्याकडे असतो तसा हूकचा काटा, इलेक्ट्रिशियनकडची वायर झाकायची केसिंग पट्टी आणि एक कंचा, म्हणजे काचेची गोटी. स्टॉपवॉच मोबाइलमध्ये आहेच.

आधी आपला हात मोजा

स्टॉपवॉच शंभराव्या भागापर्यंत सेकंद दाखवतो म्हणून आपण तेवढं अचूक मोजलं असं नसतं. बटण दाबणारं बोट आपलं आहे. ते किती उशीर करतं हे फुटपट्टीनं काढता येतं. दुसऱ्या कोणाला पट्टी वरून उभी धरायला सांगा, शून्याची खूण तुमच्या अंगठा आणि बोटाच्या मध्ये, पण बोटं पट्टीला न लावता. त्यानं न सांगता सोडायची, तुम्ही पकडायची. पट्टी जिथे पकडली तो आकडा वाचा.

१२ सेंटिमीटरवर पकडली तर ०.१६ सेकंद. २० वर पकडली तर ०.२० सेकंद. ३० वर म्हणजे पट्टी जवळजवळ निसटली तर ०.२५. सूत्र सरळ आहे: अंतर मीटरमध्ये घ्या, त्याची दुप्पट करा, ९.८ नं भागा, वर्गमूळ काढा.

नववीतल्या एका मुलीनं इथेच मला अडवलं. "काकू, यात तुम्ही ९.८ आधीच टाकून राहिल्या. मग पुढे तोच मोजायचा म्हणजे चीटिंगच झाली ना?" मला फार आनंद झाला. प्रश्न बरोबर आहे. पण गणित करून बघा. ९.८ च्या जागी दहा टक्के चुकीचा आकडा धरला तरी वेळ पाचच टक्के बदलते, ०.२० चे ०.२१ होतात. आपल्याला इथे फक्त हात साधारण किती चुकतो एवढंच हवं आहे. ते ०.२ सेकंद आहे असं धरून पुढे चला.

लंबक

लंबकाला वारा चालत नाही. म्हणजे पंखा बंद, कूलर बंद, आणि हे मे महिन्यात नागपूरला. म्हणून आमचा लंबक सकाळी सहा-साडेसहाला असतो. नंतर आलेल्यांचं "काहून बंद केला जी पंखा, मरून राहिलो ना" सुरू होतं आणि मग कोणाचंच मोजण्यात लक्ष राहत नाही.

दोरा टांगायची जागा नीट करा. खिळ्याला गाठ मारून टांगला तर दोरा खिळ्यावर सरकतो आणि लांबी नेमकी कुठून मोजायची ते कळत नाही. दोन सपाट लाकडी पट्ट्यांमध्ये दोरा दाबून त्या दाराच्या चौकटीवर घट्ट बसवा. पट्ट्यांची खालची कड म्हणजे लंबकाचा वरचा टोक-बिंदू. दोरा तिथूनच वाकतो, लांबी तिथूनच मोजायची.

ओळंबा थोडासाच बाजूला न्या आणि ढकलू नका, सोडा. थोडासा म्हणजे मीटरभर दोऱ्याला पंधरा-सतरा सेंटिमीटर, सुमारे दहा अंश. तिथे दोलनकालात फरक पडतो ०.२ टक्के, तो सोडून देता येतो. जोशात येऊन तीस अंश नेला तर दोलनकाल १.७ टक्क्यांनी वाढतो आणि गुरुत्व त्वरण साडेतीन टक्क्यांनी कमी येतं. म्हणजे ९.८ चे साडेनऊच्या खाली. लंबक छोट्या झोक्यात वेळ पाळतो, मोठ्यात नाही.

वेळ कुठे सुरू करायची? सगळी मुलं टोकाला सुरू करतात, कारण तिथे ओळंबा थांबल्यासारखा दिसतो. पण थांबल्यासारखा दिसतो म्हणूनच नेमका क्षण सापडत नाही. मागे भिंतीवर खडूनं उभी रेघ ओढा आणि ओळंबा रेघेवरून उजवीकडे जाताना बटण दाबा. तिथे तो सगळ्यात वेगात असतो, क्षण सुटत नाही.

आणि मोजायला सुरुवात शून्यापासून. बटण दाबताना "एक" म्हटलं की गेलं. वीस म्हणाल तेव्हा दोलनं एकोणीसच झालेली असतात. मीटरच्या लंबकाला वीस दोलनांना साधारण ४०.२ सेकंद लागतात, एकोणिसांना ३८.२ लागतात, ते वीसनं भागून सूत्रात टाकले की उत्तर १०.८ च्या आसपास येतं. लॅबमध्ये कोणाचं १०.८ आलं की मी तक्ता न बघताच विचारायची, शून्यापासून मोजलं का रे?

सूत्र असं: लांबी मीटरमध्ये घ्या, ३९.४८ नं गुणा (हे चार गुणिले पायचा वर्ग), दोलनकालाच्या वर्गानं भागा.

आता खरी गोम. लांबी कुठपर्यंत मोजायची? ओळंब्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत. कॉलेजात पितळी गोळा असतो, त्याचा मध्य सापडतो. गवंड्याचा ओळंबा वर जाड, खाली निमुळता, कधी आतून पोकळ. मध्य कुठे कोणास ठाऊक. अंदाज करू नका. दोन वेगवेगळ्या लांब्यांवर प्रयोग करा आणि दोन्ही वेळा फक्त दोऱ्याची लांबी मोजा, ओळंब्याच्या वरच्या कडेपर्यंत. जो थोडासा भाग मोजायचा राहिला तो दोन्ही वेळा सारखाच आहे, वजाबाकीत निघून जातो.

एक उदाहरण देते. दोरा ६० सेंटिमीटर असताना पन्नास दोलनांना ७९.५ सेकंद लागले, ११० असताना १०६.५. दोलनकाल झाले १.५९ आणि २.१३, त्यांचे वर्ग २.५२८ आणि ४.५३७. फक्त पहिल्या रीडिंगवरून गुरुत्व त्वरण येतं ९.३७, फक्त दुसऱ्यावरून ९.५७. दोन्ही चूक, आणि एकमेकांशी जुळतही नाहीत. इथेच पोट्टे पेन्सिल उचलून लांबी "दुरुस्त" करतात. त्याऐवजी वजाबाकी करा. लांब्यांतला फरक ०.५० मीटर, वर्गांतला फरक २.००९. ३९.४८ गुणिले ०.५०, भागिले २.००९, म्हणजे ९.८३.

पुढचा आकडा राहिला. बोटाची चूक ०.२ सेकंद, पन्नास दोलनांत वाटली तर दोलनकालात ०.००४. दोन्ही रीडिंगमधल्या चुका एकाच वाईट दिशेला गेल्या असं धरलं तर वर्गांच्या फरकात दीड टक्का घोळ होतो. उत्तर लिहा: ९.८३, ०.१५ मागेपुढे. हे बघा, फरक घेण्याची किंमत ही आहे. लांबीची अडचण गेली, पण वेळेची चूक मोठी झाली. म्हणून वीस नको, पन्नास दोलनं घ्या. वीसमध्ये हीच चूक ०.३५ च्या वर जाते.

मग बरोबर उत्तर काय? पुस्तकातला ९.८ हा सोयीसाठी एका दशांशापर्यंत धरलेला आकडा आहे. १९०१ साली प्रमाण म्हणून ९.८०६६५ ठरवला गेला, तोही ठरवलेलाच, सगळीकडचा नाही. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवावर ९.८३. नागपूर २१ अंश उत्तरेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच. हिशेबानं इथे ९.७९ च्या आसपास यायला हवा. हा फरक लोकांना सापडला तोच मुळी लंबकामुळे. झाँ रिशे नावाचा फ्रेंच माणूस १६७२ मध्ये पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेला, विषुववृत्ताजवळ. तिथे त्याचं लंबकाचं घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं आणि वेळ जुळवायला लंबक आखूड करावा लागला. त्यानं घड्याळ कुक केलं असतं तर पृथ्वी कमरेशी फुगीर आहे हे कळायला आणखी उशीर लागला असता.

आपल्या ०.१५ च्या चुकीत हा ०.०१ चा फरक दिसणार नाही. पण ९.८३ आणि ९.७९ जुळतात, कारण दुसरा आकडा पहिल्याच्या मागेपुढ्यात बसतो. "जुळतं" म्हणजे एवढंच.

घर्षण आणि कूलर

घर्षणासाठी कोन मोजायची गरज नाही. फळीवर डबा ठेवा, एक टोक हळूहळू उचला, डबा सुटला की थांबा. उचललेल्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा आणि त्या टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून टेकलेल्या टोकापर्यंतचं जमिनीवरचं अंतर मोजा. उंची भागिले हे अंतर म्हणजे घर्षण गुणांक, म्हणजे फळीवरच्या दाबाच्या मानानं घर्षण किती ते सांगणारा आकडा. बरोबर खालचा बिंदू सापडायला ओळंबा आहेच हाताशी. डबा उंच आणि अरुंद असेल तर तो घसरण्याआधी तोंडावर पडतो. मग बसका डबा घ्या.

आता त्याच डब्यात तूरडाळ भरा, अर्धा, मग पूर्ण. मुलांकडून आधी लिहून घ्या की काय होईल. बहुतेक जण लिहितात की जड डबा लवकर सुटेल, काही लिहितात उशिरा. सुटतो तो जवळपास त्याच उंचीला. वजन वाढलं की खाली ओढणारं बल वाढतं, पण फळीवरचा दाबही त्याच प्रमाणात वाढतो आणि घर्षणही. मग डबा आडवा करून ठेवा, टेकणारी जागा कमी-जास्त करा. तरी जवळपास तेच. घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नाही हे आमाँतों या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत मांडलं तेव्हा तिथल्या विद्वानांनाही पटकन पटलं नव्हतं. तुमच्या घरच्यांनाही पटणार नाही, करून दाखवा. रबर मात्र यात धरू नका. चपलेचा तळवा फळीवर ठेवून बघा, तो या नियमाला नीट जुमानत नाही.

"जवळपास" हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. एकाच डब्याला एकाच फळीवर दहा वेळा सोडलं तर गुणांक ०.३१ पासून ०.३७ पर्यंत कुठेही फिरेल. धूळ, हाताचं तेल, हवेतली ओल, सगळं यात येतं. जुलैत फळी ओल धरते तेव्हा मेमधला आकडा परत येत नाही. लंबकात आपण दोन टक्क्यांवर भांडतो, इथे दहा टक्क्यांत आकडा सापडला तरी खूप झालं. एखाद्या जर्नलमध्ये दहाच्या दहा रीडिंग ०.३४ असतील तर ते कुठे तयार झाले ते सांगायला नको.

वस्तू हलायच्या आधीचं घर्षण आणि हलल्यानंतरचं घर्षण वेगळं. ते हूकच्या काट्यानं दिसतं. डाळीच्या डब्यांचं खोकं करा, समजा पाच किलोचं, हूक अडकवा, काटा आडवा ठेवून ओढा. सुटायच्या क्षणी २.१ किलो, सरकत असताना १.६ किलो असं काही दिसेल. २.१ भागिले ५ म्हणजे ०.४२, हा स्थितिक घर्षणाचा गुणांक. १.६ भागिले ५, ०.३२, हा गतिक घर्षणाचा. काटा किलो दाखवतो, पण तो मोजतो बल. न्यूटनमध्ये हवं असेल तर ९.८ नं गुणा. गुणांक काढायला गुणायची गरजच नाही, दोन्हीकडचा ९.८ कटतो. किलो हे वस्तुमान आणि वजन हे बल, हा घोळ बारावीपर्यंत सुटत नाही. काटा हातात धरून ओढला की बराच सुटतो.

हे सगळं कशाला, असं कोणी विचारलं तर मी कूलरकडे बोट दाखवते. एप्रिलमध्ये घरोघरी कूलर सरकवायचा कार्यक्रम असतो आणि बहुतेक लोक तो भरलेला सरकवतात. रिकामा कूलर वीस किलोचा धरा, टाकीत पन्नास लिटर पाणी म्हणजे आणखी पन्नास किलो. फरशीवर गुणांक ०.४ धरला तर भरलेला सरकवायला २८ किलोचा जोर लागतो, रिकामा फक्त ८. आधी प्लग काढा, बंद केला म्हणून भागत नाही, प्लगच काढा. मग पाणी सोडा.

पाणी सोडायचं नसेलच तर जोर कुठून लावता ते बघा. कूलर आपल्यापेक्षा बुटका, म्हणून माणूस वरून तिरपा ढकलतो. तीस अंश खाली तिरपं ढकललं तर त्यातला थोडा जोर कूलरला फरशीवर आणखी दाबतो, घर्षण वाढतं, आणि २८ च्या जागी ४२ किलो लावावे लागतात. दीडपट. खाली वाका आणि हात आडवे ठेवा. त्याहून बरं, समोरून पट्टा बांधून थोडं वरच्या दिशेनं ओढा. गुणांक ०.४ असेल तर बावीस अंशांचा तिरपेपणा सगळ्यात सोयीचा, तिथे २६ किलोंत काम होतं. फार वर ओढायलाही अर्थ नाही, मग आपण तो उचलायलाच लागतो. आणि धक्का अगदी वरच्या कडेला देऊ नका. पाणी खाली टाकीत असेपर्यंत तो धरून राहतो, रिकामा झाला की मोटर-पंख्याचं वजन वर राहतं आणि तो कलंडतो.

एकदा सुटला की थांबू नका. सुटतानाचा जोर जास्त, सरकतानाचा कमी, ते काट्यावर बघितलंच. मध्ये थांबून "जरा दम खाऊ" म्हणालात की परत पहिल्यापासून.

उतारावरचा कंचा

दोन मीटर केसिंग पट्टी घ्या, झाकण काढा, खोबण वर. एक टोक आठ सेंटिमीटर उचलून पुस्तकांवर ठेवा, मधे कुठे लवत नाही ना बघा. सोडायच्या जागेपासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर पट्टीभोवती बारीक दोरा गुंडाळा. कंचा दोऱ्यावरून गेला की टक् आवाज येतो. डोळे मिटून ऐका. अंतरं वाढत जातात, पण चारही टक् सारख्या वेळेनं येतात, प्रत्येकी साधारण पाऊण ते एक सेकंदानं. १, ४, ९, १६ हे वर्ग आहेत. अंतर वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढतं हे गॅलिलिओनं उतारावर गोळे सोडूनच दाखवलं. उतार घेतल्यानं पडणं मंदावतं आणि साध्या कानाला मोजता येतं.

आता यावरून गुरुत्व त्वरण काढायचा मोह होतो. १६० सेंटिमीटर जायला लागलेली वेळ मोजा, दुप्पट अंतर भागिले वेळेचा वर्ग म्हणजे त्वरण, ते उताराच्या प्रमाणानं (८ भागिले २००, म्हणजे ०.०४) भागा. यायला पाहिजे ९.८. येतो सातच्या आसपास, बहुतेक वेळा थोडा कमीच.

हा प्रयोग मी मुद्दाम देते. कारण इथे ९.८ लिहिणारा पकडला जातो. कंचा घसरत नाही, तो गडगडतो. पडण्यातून मिळालेल्या ऊर्जेतला काही भाग त्याला स्वतःभोवती फिरवण्यात जातो, आणि भरीव गोळ्यासाठी त्वरण बरोबर पाच सप्तमांश राहतं. ९.७९ चे पाच सप्तमांश ६.९९. त्यात कंचा खोबणीच्या भिंतींना घासतो म्हणून आणखी थोडं कमी. घर्षण नसतं तर कंचा न फिरता घसरला असता आणि ९.८ आला असता. म्हणजे घर्षणामुळेच तो फिरतो, आणि गंमत अशी की न घसरता फिरताना त्या घर्षणामुळे ऊर्जा वाया जात नाही, ती फक्त फिरण्यात जाते. अकरावीच्या मुलांना हे दोनदा सांगावं लागतं. मलाही सरांनी दोनदा सांगितलं होतं.

रस्त्यावर

हा भाग कागदावर करायचा. डांबरावर टायरचा गुणांक कोरड्यात ०.७ धरा, ओल्यात ०.४. ब्रेक पूर्ण लागल्यावर लागणारं अंतर म्हणजे वेगाचा (मीटर प्रति सेकंदात) वर्ग भागिले गुणांक, भागिले ९.८, भागिले दोन. ताशी ४० ला ९ मीटर कोरड्यात, १६ मीटर ओल्यात. ताशी ६० ला २० आणि ३५. यात अजून ब्रेक लागायच्या आधीचं अंतर नाही. फुटपट्टी पकडताना ०.२ सेकंद लागले, पण तिथे तुम्ही पट्टीकडेच टक लावून बसला होता. वर्धा रोडवर समोर अचानक काही आलं तर ते कळणं, पाय उचलणं, दाबणं, यात एक सेकंद सहज जातो. ताशी ४० ला तो ११ मीटर, ६० ला १७.

सूत्रात वस्तुमान कुठेच नाही हे बघितलं का? डबलसीट असो की एकटे, डाळीच्या डब्यासारखंच, कटतं. आणि मृगाच्या पहिल्या सरीत, रस्त्यावरची उन्हाळाभराची धूळ आणि तेल पाण्यात मिसळतं तेव्हा ०.४ सुद्धा धरू नका.

मेट्रोत

शेवटचा प्रयोग मुलांचा लाडका, कारण त्यात फिरणं आहे. सीताबर्डीहून खापरीकडे जाणारी ऑरेंज लाइन घ्या, दुपारची, गर्दी नसताना. तीस सेंटिमीटर दोऱ्याला एक नट बांधा. ओळंबा नको, कोणाला लागेल. एकानं वरचा दांडा धरून दोरा सोडायचा, दुसऱ्यानं बाजूनं मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा, मागे फुटपट्टी आडवी धरून.

गाडी निघाली की नट मागे जातो. तो मागे ढकलला जात नाही. तो आहे तसाच राहू बघतो, गाडी पुढे जाते आणि दोरा त्याला ओढत नेतो. तिरपा झालेला दोरा किती सरकला ते मोजा. तीन सेंटिमीटर सरकला असेल तर तीन भागिले तीस, गुणिले ९.८, म्हणजे त्वरण साधारण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. नट झुलत असतो, म्हणून एकच फोटो घेऊ नका. व्हिडिओतून झोक्याची दोन्ही टोकं वाचा आणि मध्य काढा. मागेपुढे किती लिहायचं? अर्धा सेंटिमीटर तरी वाचनात चुकतो, म्हणजे ०.१६.

मग दोन स्टेशनांच्या मध्ये, गाडी एका वेगानं धावत असताना परत बघा. दोरा सरळ खाली. बाहेर झाडं-इमारती पळतायत आणि दोऱ्याला त्याचा पत्ताच नाही. न्यूटनचा पहिला नियम घोकून पाठ झालेली मुलं इथे जरा वेळ दोऱ्याकडे आणि खिडकीकडे आळीपाळीनं बघतात. वळणावर नट बाहेरच्या बाजूला जातो. पण तिथे रूळच एका बाजूला उचललेले असतात आणि डबाही कलतो, त्यामुळे फुटपट्टीवरून काढलेला आकडा लिहिताना पट्टी डब्याला समांतर होती की जमिनीला, ते शेजारी लिहा. स्टेशन आलं, ब्रेक लागला की नट पुढे जातो. ते रीडिंगही घ्या. निघतानाचा आणि थांबतानाचा आकडा वेगळा आला तर सारखा करायला जाऊ नका, दोन्ही लिहा.